सासूबाईंची साक्ष

ड्युसेलडॉर्फमधली मराठी मंडळी आमच्या वसाहतीला ‘तिकडे’ म्हणतात. ‘अजून तिकडेच राहता का तुम्ही?’ असं विचारताना आवाज जरा खाली आणतात, घरात कुणी आजारी असल्यासारखा. तिकडे म्हणजे ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडच्या तीन उंच इमारती. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, पगार बरे, तरी बारा वर्षं आम्ही तिकडेच आहोत. घर मोठं आहे, बाल्कनीत दुपारचं ऊन येतं, आणि मी कुठे राहावं हे दुसऱ्याने सांगितलेलं मला खपत नाही.

इमारतींमधली निम्म्याहून अधिक घरं आफ्रिकेतून आलेल्यांची आहेत. घाना, नायजेरिया, काँगो, एरिट्रिया. पहाटे उठून शहरातली ऑफिसं झाडणारी, म्हाताऱ्यांना आंघोळी घालणारी, विमानतळावर सामान चढवणारी ही माणसं. आधी शेजारचा कारखाना बंद पडला. मग तळमजल्यावरचं सुपरमार्केट गेलं, मग तरुणांसाठी एक केंद्र होतं त्याला कुलूप लागलं. आणि एका पानगळीत थांब्यापासून इमारतींपर्यंतच्या पायवाटेवर लुटालूट सुरू झाली. आधी नुसतं फोन हिसकावून पळणं होतं, पुढे सुरा दाखवणं आलं. मार खाणारेही वसाहतीतले आणि मारणारेही वसाहतीतलेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोठ्याने कुणी बोलत नव्हतं.

त्याच सुमारास, दिवाळी उरकून, माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चालणं-बोलणं अजून प्रार्थनेच्या रांगेपुढे उभं असल्यासारखं. लोक जर्मनीला उन्हाळ्यात येतात, यांना थंडी बघायची हौस. आपल्या मुलाचं स्कीइंगचं जाकीट साडीवर चढवून त्या दुपारभर बाल्कनीत बसायच्या. आमचा मजला दुसराच, त्यामुळे खालचं सगळं जवळून दिसतं. आठ दिवसांत त्यांना वसाहतीचं वेळापत्रक पाठ झालं.

आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, घानाच्या एक बाई राहतात. पन्नाशी उलटलेल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, वृद्धाश्रमात नोकरी. त्यांच्यात आणि सासूबाईंमध्ये एकही भाषा समान नव्हती, पण शेंगदाणा होता. त्यांनी शेंगदाण्याचं तिखट सूप आणून दिलं, यांनी शेंगदाण्याची चटणी पाठवली. त्यांनी डबा परत करताना त्यात भाजलेली केळी घातली. ‘बाई वळणाची आहे, डबा रिकामा देत नाही,’ असं प्रमाणपत्र सासूबाईंनी दिलं. शेजारीण त्यांना ओमा म्हणू लागली, इथल्या पद्धतीने आजी.

नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले होते, मी घरूनच काम करत होते, कानावर हेडफोन, समोर मीटिंग. शेजारीण सकाळपाळी संपवून पायवाटेने येत होती. एका माणसाने मागून येऊन तिची पर्स ओढली. तिने सोडली नाही. त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला, खाली पाडलं आणि पर्स सुटेपर्यंत हातावर लाथा घातल्या. तिचं मनगट मोडलं, दोन दात गेले, चष्मा फुटला. हे सगळं सासूबाईंनी बाल्कनीतून पाहिलं. त्या ओरडत होत्या, ‘अरे, धावा, मारतोय तिला!’ मला ऐकू आलं नाही. त्यांनी येऊन माझ्या खांद्याला धरून हलवलं तेव्हा मी हेडफोन काढले आणि खाली पळाले. तोवर तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी एक तरुण पोलीस दारोदार चौकशी करत आमच्याकडे आला. सासूबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. सोफ्याच्या कडेला ताठ बसून त्या सात-आठ मिनिटं बोलल्या, आणि काय बोलल्या! माणूस पंचविशीचा, उंच, उजवा पाय किंचित ओढणारा. करडं जाकीट, बाही कोपराशी फाटलेली. झटापटीत टोपी पडली, ती उचलायला वळला तेव्हा चेहरा समोरून दिसला, डाव्या कानाखाली चट्टा. आणि पळून कुठे गेला? समोरच्या इमारतीत. दार त्याने किल्लीने उघडलं, म्हणजे तो तिथलाच राहणारा. ‘चौतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यात मी, चेहरा विसरत नाही,’ असं म्हणून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. दुभाषी मीच होते.

मी पोलिसाला जर्मनमध्ये सांगितलं, की आजींनी आरडाओरडा ऐकला, पण त्यांना नीट काही दिसलं नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया मीच पुण्यात करवून घेतली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरंही त्या खुर्चीत बसून वाचतात.

पोलीस एक ओळ लिहून, आभार मानून गेला. सासूबाई दाराकडे बघत राहिल्या. ‘मी एवढं सांगितलं आणि त्याने एकच ओळ लिहिली?’

‘जर्मन भाषा आटोपशीर असते, आई,’ मी म्हणाले.

असं का केलं? कारणं माझ्याकडे रांगेने तयार होती. आमचा नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत पडून होता, आणि पोलिसांच्या फायलीत घराचं नाव गेलं तर तो अडकेल असं मी स्वतःला बजावलं. सासूबाई पाहुण्यांच्या व्हिसावर, त्यांची हमी नवऱ्याने सही करून घेतलेली. शिवाय शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. मी ही कारणं रात्री नवऱ्याला ऐकवली, त्यानेही मान डोलावली. खरं कारण मी त्यालाही सांगितलं नाही. तो माणूस समोरच्या इमारतीत राहत होता, त्याच्या दारातून आमची बाल्कनी दिसत होती, आणि त्याच पायवाटेने मी रोज ट्रामला जात होते. मी घाबरले होते. आयुष्यात मी पुष्कळांशी भांडले आहे, घरमालकाशी, बॉसशी, नवऱ्याच्या काकांशी. पण लाथा मारणाऱ्याशी भांडायची वेळ कधी आली नव्हती.

शेजारीण मात्र घाबरून घरात बसली नाही. हात प्लास्टरमध्ये, तोंड सुजलेलं, अशी ती आठवड्याभरात तळमजल्यावरच्या सभागृहात उभी राहिली. तिने वसाहतीतल्या बायकांना बोलावलं होतं, मीही गेले. चाळीसेक जणी असतील. तिने सरळ सांगितलं, की मला मारणाऱ्याला मी ओळखते. त्याची आई चर्चमध्ये माझ्याबरोबर गाते.

खोलीत कुजबुज झाली. एक वयस्कर बाई म्हणाली, ‘पोलिसांत गेलीस ते चुकलंस. उद्या पेपरात येईल, हे काळे लोक असेच. आपल्या सगळ्या पोरांना रस्त्यात अडवून झडत्या घेतील.’ यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या पोरांच्या झडत्या मी थांब्यावर स्वतः पाहिल्या आहेत, आणि माझ्या पर्सकडे कुणी पाहिलेलंही मला आठवत नाही.

‘येऊ दे पेपरात,’ शेजारीण म्हणाली. दात नसल्याने शब्द जरा फुसफुसत होते, पण तिला त्याची पर्वा नव्हती. ‘आपण गप्प बसतो ते आपल्या पोरांसाठी, असं आपल्याला वाटतं. तो मारतो कुणाला? मला मारलं, तुझ्या सुनेला सुरा दाखवला. आपल्या गप्प बसण्याचा फायदा त्याला एकट्यालाच होतो. हा रस्ता माझा आहे. माझ्या नवऱ्याने इथे झाडं लावली आहेत.’

मग ठरलं, की पाळ्या सुटायच्या वेळी थांब्यावर थांबायचं आणि जमेल त्या सगळ्यांनी घोळक्याने चालत यायचं. पायवाटेवर बायकांचा राबता असला पाहिजे, एवढी साधी गोष्ट. मी हात वर केला. खाई त्याला खवखवे, म्हणून मी सगळ्यांच्या पुढे. कोणत्या वेळी कोण, याचा रंगीत तक्ता मी केला. फोनवर ग्रुप मी काढला. नगरपालिकेला बंद दिव्यांबद्दल तीन पत्रं मीच लिहिली, आणि जर्मन कचेरीला हलवणारं पत्र मला चांगलं लिहिता येतं. डिसेंबरच्या अखेरीस दिवे लागले. रोज पंधरा-वीस बायका बोलत, हसत, गात त्या वाटेने यायला लागल्या, आणि लुटालूट खरोखर कमी झाली. कोपऱ्यावर घुटमळणारी टोळकी आम्हाला बघून वाट सोडू लागली. मला वाटलं, फिटलं. जे एक करायचं होतं ते सोडून मी बाकी सगळं केलं होतं.

तो माणूस मात्र समोरच्या दारातून येत-जात होता. आपण तेव्हा गावातच नव्हतो, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. शेजारणीचा चष्मा पहिल्याच ठोशात उडाला होता, म्हणजे तिचा शब्द आणि त्याचा शब्द, बस. एकदा आमच्या घोळक्याशेजारून जाताना त्याने तिच्या प्लास्टरकडे बघून हसल्यासारखं केलं. ती थांबली नाही, पण गाणं मध्येच तोडलं.

संक्रांत आली. मी दरवर्षी हळदीकुंकू करते, आणि यंदा वाण म्हणून शिट्ट्या लुटायचं ठरवलं. लाल पिशवीत तिळगूळ आणि गळ्यात घालायच्या दोरीची धातूची शिट्टी. मला माझ्या कल्पनेचं फार कौतुक वाटलं. शहरातल्या मराठी बायकांपैकी दोघी आल्या, बाकीच्यांना नेमकी ‘तिकडे’ येण्याच्या दिवशीच सर्दी झाली. वसाहतीतल्या मात्र अकरा जणी आल्या, नटूनथटून, डोक्याला रंगीत फडकी बांधून. कुंकू कपाळावर उठून दिसावं म्हणून एकीने ते दोनदा लावून घेतलं. सुवासिनी कोण आणि नाही कोण, हे मी विचारलं नाही.

पण सासूबाई स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाला त्या बाहेर येत नाहीत. मी सांगून थकले.

‘ओमा कुठे आहे?’ शेजारणीने विचारलं. मी आत बोट दाखवलं, तशी ती आत गेली, आणि मागोमाग मी, दुभाषी.

तिने सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. मग माझ्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाली, ‘ओमाला सांग, मला पत्र आलंय. पुरावा नाही म्हणून ते प्रकरण बंद करणार आहेत. पोलिसांनी सांगितलं की ओमाचे डोळे अधू आहेत, तिला दिसलं नाही. तिला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस. मी जमिनीवर पडले होते तेव्हा वर एकच माणूस उभं राहून ओरडत होतं, ती ओमा होती. तू आम्हाला शिट्ट्या दिल्यास, चांगलं केलंस. पण त्या दिवशी मी शिट्टीपेक्षा मोठ्याने ओरडले होते.’

‘काय म्हणतीये?’ सासूबाईंनी विचारलं.

मनात एक वाक्य तयार होतं. ती तुमचे आभार मानतीये, आई. तेवढं म्हटलं असतं तर दोघी एकमेकींना बिलगल्या असत्या, तिळगूळ खाल्ला असता, आणि बारा दिवसांनी सासूबाई विमानात बसल्या असत्या. शेजारीण वाट बघत होती, सासूबाई वाट बघत होत्या, बाहेर कुणीतरी गंमत म्हणून शिट्टी वाजवली. मला माझी लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज वाटली, आणि मी तिचं बोलणं शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. डोळे अधू असल्याचंही सांगितलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. ‘डोळे अधू, असं कुणी सांगितलं?’

‘मी.’

‘मी सांगितलेलं सगळं?’

‘नाही सांगितलं.’

त्यांनी ताटातला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. ‘आज गोड बोलायचा दिवस आहे, म्हणून थांबते. आता मी जे बोलीन ते हिला सांग. आटोपशीर नको.’

आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. पाय ओढणं, फाटकी बाही, टोपी, चट्टा, किल्ली. मी एकेक वाक्य जर्मनमध्ये ठेवत गेले. शेजारणीने खुर्ची ओढून घेतली. शेवटी मी माझं वाक्य जोडलं, की हे सगळं ओमाने तेव्हाच सांगितलं होतं, मी पोलिसाला सांगितलं नाही, कारण मी घाबरले.

शेजारणीने खुर्ची मागे सारली. ‘आठ आठवडे,’ ती म्हणाली. ‘आठ आठवडे तू माझ्या शेजारून चालतेस.’ तिने आवाज चढवला नाही. तिळगुळाच्या पिशवीतून शिट्टी काढली, पिशवी घेतली आणि निघून गेली. शिट्टी टेबलावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सासूबाई कोट घालून दारात उभ्या होत्या. ‘चल. पोलिसात.’

नवरा म्हणाला, ‘आई, अगं आपला अर्ज चालू आहे, जरा विचार कर.’

‘मी करते विचार,’ त्या म्हणाल्या. ‘तू खिडकीवरच्या मेथीला पाणी घाल.’

पोलिसांना मी सगळं खरं सांगितलं. अर्थातच त्यांनी पुन्हा माझ्या भाषांतरावर भरवसा ठेवला नाही. शपथ घेतलेला सरकारी दुभाषी हवा, आणि मराठीचा लगेच मिळेना. हिंदीचा चालेल का, असं विचारलं. ‘हिंदीत मी भाजी घेते,’ सासूबाई म्हणाल्या, ‘साक्ष देणार नाही.’ दिवस जात होते, विमानाची तारीख जवळ येत होती, आणि मी रोज दोनदा फोन करून त्या कचेरीचं डोकं खात होते. अखेर कोलोनहून एक बाई यायच्या ठरल्या, सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी.

त्या सकाळी आम्ही दोघी घराबाहेर पडलो तर समोरचं दार उघडलं. शेजारीण चर्चला जायच्या कपड्यांत, तारीख मी तिला चिठ्ठीने कळवली होती. माझ्याशी ती अकरा दिवस बोलली नव्हती. तिने सासूबाईंचा एक हात धरला, मी दुसरा, आणि पायवाटेने आम्ही थांब्याकडे निघालो. अर्ध्या वाटेवर तो माणूस समोरून आला. सासूबाई थांबल्या. शाळेत उशिरा येणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, घाई न करता. त्यानेच नजर वळवली आणि रस्ता सोडून गवतातून गेला.

‘हाच,’ त्या म्हणाल्या. ‘चट्टा बघितलास?’

साक्षीच्या वेळी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवलं. शेजारीण शेजारच्या बाकावर. आतून सासूबाईंचा आवाज येत होता, मग दुभाषी बाईंचा, मग कीबोर्डचा. पाऊण तास. शेजारणीने पर्समधून भाजलेले शेंगदाणे काढले, पुडी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. मी दोन दाणे घेतले.

पुढचं थोडक्यात सांगते. सासूबाईंना त्याच दिवशी आठ फोटो दाखवले, त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर माणसावर. प्रकरण पुन्हा उघडलं, त्याच्या घरातून दोन बायकांचे फोन निघाले, आणि उन्हाळ्यात त्याला शिक्षा झाली. त्याची आई त्यानंतर काही दिवस चर्चमध्ये आली नाही. मग एका दुपारी थांब्यावर येऊन उभी राहिली, आणि आमच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून चालू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारीण चाल मंद करून तिच्या बरोबरीला गेली. आमचं नागरिकत्वही वेळेवर आलं. त्या अर्जाचं काहीच बिघडलं नाही, बिघडणारही नव्हतं, हे मला तेव्हाही कुणालाही विचारता आलं असतं.

पण मला त्या कॉरिडॉरचंच सांगायचं आहे. दार उघडलं आणि दुभाषी बाईंनी मला आत बोलावलं. साक्ष छापून झाली होती. ती आधी सासूबाईंना मराठीत वाचून दाखवली होती, त्यांनी प्रत्येक पानावर ठसठशीत सही केली होती. एक जागा माझ्याबद्दलची होती, म्हणून मला वाचायला दिली.

अधिकाऱ्याने विचारलं होतं, की पहिल्या चौकशीत तुमचं भाषांतर कुणी केलं, आणि ते चुकीचं का झालं. खाली सासूबाईंचं उत्तर होतं, नीट कायदेशीर जर्मनमध्ये, कमी नाही की जास्त नाही.

‘भाषांतर माझ्या सुनेने केलं. तिला जर्मन उत्तम येतं. त्या दिवशी ती घाबरली होती. आज मला इथे तिनेच आणलं आहे.’

मी पान परत दिलं. सासूबाई कोटाची बटणं लावत होत्या.

‘सगळं लिहिलंय ना गं त्यांनी?’ त्यांनी विचारलं.

‘सगळं लिहिलंय, आई,’ मी म्हणाले.